उत्तरेच्या भिंतीकडची रांग

शेळी रवंथ करते तेव्हा होणारा आवाज फार बारीक असतो. एकटी शेळी असेल तर तो ऐकूही येत नाही. पण बत्तीस शेळ्या एका पत्र्याखाली बसून रवंथ करू लागल्या की जाड कापड दोन्ही हातांनी सावकाश चोळत राहावं तसा एक आवाज भरून राहतो. भर दुपारी वर्गात मुलं पाढे लिहीत असताना तो मला भिंतीपलीकडून ऐकू येई. पुढे एका दुपारी तो थांबला. आवाज सुरू होतो तेव्हा माणसाच्या लगेच लक्षात येतं. थांबतो तेव्हा येत नाही. म्हणूनच तो नेमका कोणत्या दिवशी थांबला याची नोंद माझ्या वहीत नाही.

जळकोटला एसटीतून उतरलं की दीड तास पायी आत, अशा एका गावी मी शिक्षक होतो. बहात्तरचा दुष्काळ सरला तरी कोरडी वर्षं मधूनमधून येतच राहिली. मी सांगतो आहे ते त्यांपैकीच एक. शाळेला लागून पत्र्याचं एक लांबट गोदाम होतं. दुष्काळी कामावरच्या मजुरांसाठी सुकडीचा कोरडा खाऊ आणि मिलो ही परदेशी ज्वारी साठवायला ते बांधलेलं. धान्याला हवा लागावी म्हणून त्याच्या उत्तरेच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर विटांची जाळी सोडली होती. पुढे त्याच भिंतीला टेकून शाळेची नवी खोली उभी राहिली आणि ती मला विज्ञानाची खोली म्हणून मिळाली. म्हणजे गोदाम आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला जाळी होती. वाचकाने एवढं ध्यानात ठेवावं.

गावात बायकांची शेळीपालन सहकारी संस्था होती. सभासद सगळ्या बायका, चेअरमन मात्र पुरुष. बायकांना सभेला बसायची सवय नाही, असं चेअरमनचंच म्हणणं होतं. सचिव मी. त्या वर्षी घराघरात चारा राहिला नाही, तेव्हा सगळ्यांच्या शेळ्या एकत्र आणून गोदामात बांधायच्या आणि बाभळीच्या शेंगा, सुबाभळीचा पाला, तालुक्याहून येणारा भुसा असं जे मिळेल ते सारखं वाटायचं, असं ठरलं. माघात बत्तीस शेळ्या आत आल्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, आपल्या भागातल्या. बहुतेक गाभण होत्या. पाऊस पडेतो या शेळ्या करडांसकट जगल्या तर संस्था जगेल, एवढी सरळ गोष्ट होती.

राखणीला एक बाई नेमली. वय पंचविशीच्या आत. नवरा ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला. हीच शाळाही झाडत असे. तिची आधी दोन मुलं पोटातच गेली होती, हे गावाला तोंडपाठ होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. गोदामाच्या दाराशी तिने बाज टाकली आणि शेळ्यांची वाटणीच करून टाकली: सोळा भिंतीकडच्या, सोळा दाराकडच्या.

आता लांडग्याविषयी. त्या पौषात पाझर तलावाच्या कामावरच्या मजुरांना कोरड्या पात्रात एक लांडगा मरून पडलेला सापडला. अंगावर जखम नव्हती. उपासमारीने किंवा तहानेने गेला असावा. मी तो मागून घेतला. मुलांना पाठ्यपुस्तकातलं चित्र दाखवण्यापेक्षा खरा प्राणी दाखवावा, अशी माझी शिकवण्याविषयीची समजूत होती, आणि ती आजही आहे. कातडं मीठ आणि तुरटी लावून वाळवलं. आत कडबा आणि कडुनिंबाचा पाला भरला. डोळ्यांच्या जागी मुलांकडच्या दोन तपकिरी गोट्या बसवल्या. काम मनासारखं झालं. केसांत ओल राहिली तर कीड लागते, म्हणून वारा खेळतो ती जागा पाहून तो मी जाळीसमोरच्या बुटक्या टेबलावर ठेवला. खोलीच्या छपरात उजेडासाठी काचेचं एक कौल होतं. दुपारी बाराच्या सुमारास ऊन नेमकं त्याच्यावर पडे. वर्ग सुरू असला की तो मुलांकडे पाही. वर्ग सुटला की दाराकडून येणारी धूळ तोंडावर बसू नये म्हणून मी त्याचं तोंड जाळीकडे करून ठेवीत असे.

दर शनिवारी तो पुसायचं काम मी झाडणाऱ्या बाईला सांगितलं होतं.

"गुर्जी, ह्याला पुसायचं म्हंजे काय? उठून बसंल की," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"ताई, कडबा आहे आत."

"बाहीर तर त्योच हाय न्हवं."

तिने पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि पाठीपासून शेपटीपर्यंत तो पुसून काढला. कान मात्र पुसले नाहीत. त्याला ऐकू येईल असं वाटलं, म्हणाली.

फाल्गुनात पहिली शेळी गाभडली. चौथा महिना होता. पुढच्या आठवड्यात दोन. मग एक दिवस सोडून एक. खाण्यात विष नव्हतं, मार लागला नव्हता, कुत्रा आत शिरला नव्हता. सकाळी बाई दार उघडी तेव्हा करडू जमिनीवर मरून पडलेलं असे, पुरं झालेलं, केस आलेले, आणि आई त्याच्याकडे पाठ करून उभी. चाटणं नाही, हुंगणं नाही. नंतर ज्या राहिल्या त्यांच्या अंगाला खरूज लागली. ओठांवर फोड आले ते बरे होईनात. एका शेळीच्या कानाला काट्याने ओरखडा पडला होता. पंधरा दिवस झाले तरी तो ओलाच.

याच दिवसांत केव्हातरी तो आवाज थांबला होता. मी दुपारी गोदामात गेलो. बाहेर पांढरं ऊन, पाखरू नाही. आत भिंतीकडच्या सोळा शेळ्या उभ्या. दुपारी भरल्या पोटी शेळी बसते. या उभ्या होत्या, पाय जवळ घेऊन, कान पुढे करून, आणि सगळ्यांची तोंडं उत्तरेच्या भिंतीकडे. एकही जबडा हलत नव्हता. दाव्याची लांबी संपेतो त्या मागे सरकलेल्या होत्या आणि दावी ताणलेली होती. मी टाळी वाजवली. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. तेवढ्यात बाई पाण्याची बादली घेऊन आत आली, आणि सोळाच्या सोळा एकदम अशा दचकल्या की दोन खुंट्या उपटल्या गेल्या.

ही गोष्ट मी एकट्याने पाहिली नव्हती. दारात चेअरमन उभे होते.

"बघा मास्तर," ते म्हणाले. "मुकं जनावर हाय. आपुन बोलत न्हाय, पर त्येला कळतं."

"काय कळतं?"

"हिची कूस. दोन गेली हिची. आता ह्यांची चाललीत. ही आत आली की भ्येत्यात."

बाईने बादली खाली ठेवली. पाणी हलायचं थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग मला म्हणाली, "गुर्जी, खरंच भ्येत्यात मला. आधी हातातलं खात व्हत्या."

छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरात देव्हारा राहिला नव्हता. त्याच्याबरोबर अंगात येणं, करणी, नजर हेही उंबऱ्याबाहेर गेलं होतं. वडील सांगत, जे दिसतं ते मोजायचं, आणि जे दिसत नाही त्याचं कारण शोधायचं. म्हणून चेअरमनच्या बोलण्याने मला राग आला. पण खुंट्या उपटल्या गेल्या होत्या त्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं.

तालुक्याचे पशुवैद्य बाजाराच्या दिवशी एसटीने येत. त्यांनी शेळ्यांचं रक्त काढून नेलं. संसर्गाने गर्भ पडतो का, ते पाहायचं होतं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: रक्त स्वच्छ. ते ओट्यावर बसून चहा पीत म्हणाले,

"मास्तर, रोग नाही. या शेळ्या भ्यालेल्या आहेत."

"भीतीने गर्भ पडतो?"

"शेळीचा तर फार लवकर. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. भय वाटलं की त्या रक्तात रस सोडतात. एकदा सोडला तर जनावर पळतं आणि वाचतं. रोज सोडत राहिल्या तर तोच रस आतून पोखरतो. पळायचं असेल तर शरीर ओझं टाकतं. पहिलं ओझं पोटातलं. मग दूध. मग माज येणं बंद. मग जखम भरायची, खरूज मारायची ताकद. शेवटी उरतं ते फक्त उभं राहणं आणि कान देणं."

"पण कशाला भ्यायल्या?"

"ते रक्तात दिसत नाही." त्यांनी कप पालथा घातला. "बाईला विचारा. चोवीस तास तीच असते तिथं."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ओट्याखाली बसलेल्यांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि गावात नेलं. दुसऱ्या दिवसापासून हापशावर बाईची घागर शेवटी लागू लागली. तिच्याकडे थेट कोणी पाहत नसे. ती वळली की मात्र सगळे पाहत. ती जेवेनाशी झाली. पाचवा महिना होता तिचा. शनिवारी सभा ठरली. विषय एकच: राखणीवरून बाईला काढणे. काढल्यावर तिला गावात कुणी उभं केलं नसतं, हे मला समजत होतं आणि तिलाही. नवरा कारखान्यावर, माहेर कर्नाटकाच्या हद्दीत, आणि अशा अंगाने पायी जायचं.

"गुर्जी," ती म्हणाली, "म्या गेले तर शेळ्या ऱ्हातील का?"

"तुम्ही जायचं नाही."

"तसं न्हाय. म्या गेल्यानं त्या जगत असतील तर सांगा. म्हंजे मला बी कळंल, माजी दोन कशानं गेली."

या प्रश्नाचं उत्तर शोधायला माझ्याकडे सहा दिवस होते. मला येते तीच पद्धत मी वापरली. वहीत गोदामाचा आराखडा काढला, प्रत्येक खुंटीला क्रमांक दिला आणि कोणत्या खुंटीची शेळी केव्हा गाभडली ते मांडलं. नऊ गाभडल्या होत्या. नऊही भिंतीकडच्या रांगेतल्या. दाराकडच्या रांगेतली एकही नाही, आणि बाईची बाज तर दारापाशी होती. तिच्यापासून भय असतं तर जवळच्या शेळ्या आधी गेल्या असत्या.

मी दोन्ही रांगांची अदलाबदल केली. तिसऱ्या दिवशी, भिंतीपासून दाराशी आलेल्या शेळ्यांपैकी एक बसली. चौथ्या दिवशी तिचा जबडा हलला. मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून तो आवाज ऐकला. त्याच दुपारी भिंतीकडे नव्याने बांधलेल्या सोळा उभ्या राहिल्या होत्या, पाय जवळ, कान पुढे, दावी ताणलेली. त्या जिथे पाहत होत्या तिथे मीही पाहिलं. विटांची जाळी. पलीकडे काय आहे, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. स्वतःची खोली माणूस बाहेरून ओळखत नाही.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सकाळची होती. मुलं गेल्यावर बाराला मी विज्ञानाची खोली उघडली. कौलातून ऊन उतरून टेबलावर पडलं होतं. त्याच्या पाठीवरचे केस एकेक वेगळे दिसत होते. ऊन तापलं की मीठ लावलेल्या कातड्यातली चरबी पाझरते आणि वास सोडते. मला तो रोजच्या सवयीने जाणवत नसे, त्या दिवशी जाणवला. दारातून आलेला वारा माझ्या मानेला लागून पुढे गेला, टेबलावरून गेला आणि जाळीत शिरला. मी त्याच वाटेने खाली वाकलो. माझी हनुवटी लांडग्याच्या खांद्याशी आली आणि त्याच्या दोन कानांच्या मधून मी जाळीपलीकडे पाहिलं.

पलीकडे डोळे होते. शेळीच्या डोळ्यात आडवी फट असते. तशा आडव्या फटींच्या दोन-दोन जोड्या प्रत्येक भोकात, अंधारात, स्थिर. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी हात हलवला तरी नाही. त्यांची नजर माझ्या गालापासून वीतभर अंतरावर होती. मी किती वेळ तसाच होतो सांगता येत नाही. एवढं आठवतं की मान वळवून बाजूला पाहायचं मला धैर्य झालं नाही. कडबा मी स्वतः भरला होता, गोट्या मी स्वतः बसवल्या होत्या, आणि तरीही तो हलला नाही ना, याची खात्री करून घेणं मी टाळलं. माझ्या दंडावर काटा आला होता. त्या दोन ग्रंथी मलाही आहेत.

मग उरलेलं आपोआप जुळलं, आणि ते त्या डोळ्यांपेक्षा वाईट होतं. दर शनिवारी पदराने लांडगा पुसून बाई तशीच गोदामात जाई. दुष्काळात पाणी मोजून मिळे, लुगडं आठ-आठ दिवस धुतलं जात नसे. शेळ्या तिला भीत नव्हत्या. तिच्या पदराला माझा लांडगा होता.

त्याच दुपारी मी तो उचलून माळावर नेला आणि दगडांखाली ठेवला. जाळी ओल्या चिखलाने लिंपली. सभेपर्यंत कोणाला काही बोललो नाही, बाईलाही नाही. हे का केलं, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पुरावा मांडून सांगावं, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. खरं म्हणजे एक रात्र मला कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नव्हतं. ती रात्र तिने मात्र काढली.

शनिवारी पिंपळाच्या पारावर सभा बसली. बाई लांब, शाळेच्या पायरीवर. मी आराखडा उलगडून सगळं क्रमाने सांगितलं: खुंट्या, रांगा, जाळी, वारा, वास, पदर. शेवटी म्हणालो, "दोष बाईचा नाही. लांडगा मी आणला, मी ठेवला, आणि पुसायलाही मीच सांगितलं."

चेअरमनने तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"म्हंजे मास्तर, लांडग्याचं भूत व्हतं म्हणा की."

"भूत नव्हे. वास."

"दिसत व्हता का?"

"वास दिसत नाही."

"हातात घावतो?"

"नाही."

"भिंतीतून येतो, पोटातलं पाडतो, बाईच्या अंगावर बसून फिरतो." त्यांनी सभेकडे पाहिलं. "आमी तर ह्येलाच भूत म्हंतो. तुमी शिकलेले. तुमी वास म्हणा."

लोक हसले. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे पोरीचा दोस न्हाय. तिला लागलं व्हतं ते."

"लागलं व्हतं, आता काडलं. मास्तरनीच काडलं," चेअरमन म्हणाले. "राखण तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मी उभाच होतो. हातात आराखडा होता. सातवीच्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी ते खोडून पुन्हा लिहायला लावलं असतं. ग्रंथी, रस, रक्त, वारा, सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि आपल्या एका जुन्या शब्दात ठेवून दिलं होतं. मी तोंड उघडलं. पायरीवर बाई पोटावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. एवढ्या लांबून तिला काही ऐकू गेलं नव्हतं. मी वाद पुढे नेला तर चेअरमन पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतील, हे मला कळत होतं. मी आराखड्याची घडी घातली आणि खाली बसलो. भुताचं नाव घेऊन ती सुटली, आणि ते मी होऊ दिलं.

सभेने एक अट घातली. लांडगा जाळायचा आणि बाईने कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करायची. अंघोळ मीही करणार, असं मी सांगितलं. त्यासाठी टँकरमधून दोन घागरी जास्त मिळाल्या. लांडगा जाळताना कडबा भसकन पेटला. गोट्या मात्र राहिल्या, राखेत काळ्या पडून. त्या मी उचलल्या नाहीत.

"तुमी कशाला अंगुळ केली, गुर्जी?" ती नंतर म्हणाली. "तुमचा तर इस्वास न्हाय."

"वास जायला पाणी लागतं."

ती हसली. महिन्याभरात मी पाहिलेलं तिचं ते पहिलं हसणं होतं. मग म्हणाली, "आदली दोन कशानं गेली, ते न्हाय निघालं पर तुमच्या वहीत."

"नाही निघालं, ताई."

"असू द्या."

बाकीच्या शेळ्या वैशाखात व्याल्या. संस्था टिकली. तिलाही श्रावणात मुलगी झाली. नवरा सुरतेला काम शोधायला निघाला होता, तो मुलगी पाहून थांबला.

इथे थांबलो असतो तर माझी वही पूर्ण झाली असती. पण त्या वैशाखातली करडं वाढली तेव्हा त्यांतली काही मला निराळी दिसू लागली. ती पानाच्या सळसळीलाही उसळत. दुपारी बाकीची बसली तरी ती उभी असत, पाय जवळ घेऊन, लिंपून टाकलेल्या जाळीकडे तोंड करून. मी आराखडा काढून ताडून पाहिलं. ती सगळी भिंतीकडच्या रांगेत राहूनही न गाभडलेल्या आयांची होती. लांडगा जळाला त्यानंतर ती जन्मली होती. पशुवैद्यांना मी विचारलं. ते म्हणाले, आईचं रक्त पिलात जातं मास्तर, त्या रक्तात जे असेल ते पिलू शिकतं. हे उत्तर मला पटलं. पटल्यानंतरही मी त्या दिवसांत दुपारी एकटा गोदामात जात नसे.

सहा वर्षांनी ती मुलगी पहिलीत आली. तोवर विज्ञानाची खोली पहिलीचा वर्ग झाली होती. हुशार मुलगी, अक्षर गोल, पाढे पाठ. आई दाराशी सोडून जाई आणि मला हात जोडी. दुपारी बाराला कौलातून ऊन उतरलं की मुलं त्या चौकोनात हात घालून सावल्यांचे खेळ करत. ती कधी करत नसे. पट्टीवर ती नेहमी दाराच्या बाजूला बसे. उजेड सरकत जाळीच्या जागेशी आला की तिची लेखणी थांबे. फार वेळ नाही, दहा-वीस आकडे मोजावेत इतकाच. मग ती पुन्हा लिहू लागे.

त्या वहीत तिच्यासाठी मी रकाना आखला नाही. तिच्या आईने मला कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मुलगी लिहायला लागली की मी श्वास सोडत असे, तेव्हा कळे की इतका वेळ मीही तो धरून ठेवला होता.